काटा मारलेलं मीटर आणि 1993 चा लायटनिंग

फोर्डच्या एफ-150 पिकअपच्या ‘लायटनिंग’ या आवृत्तीची पहिली पिढी 1993 ते 1995 अशी तीनच मॉडेल-वर्षं निघाली. फोर्डच्या स्पेशल व्हेइकल टीमने काढलेली ही गाडी: दोनच चाकांना ताकद, छोटं केबिन, आखूड हौदा, आणि पुढे 351 घनइंचाचं, म्हणजे 5.8 लिटरचं व्ही-8 इंजिन. कागदावर 240 हॉर्सपॉवर आणि 340 पाउंड-फूट टॉर्क. शेव्हरोलेच्या 454 एसएसला दिलेलं उत्तर म्हणूनच ती ओळखली गेली. आज तिच्या चाहत्यांचं एक छोटं पण हट्टी कुटुंब आहे, आणि त्या कुटुंबात एक प्रश्न वर्षानुवर्षं फिरतो: हिला ‘मास एअर’वर, म्हणजे आत जाणारी हवा मीटरने मोजणाऱ्या प्रणालीवर, न्यावी का?

मी डेट्रॉइटच्या परिसरात राहतो आणि पोटापाण्यासाठी इंजिन कॅलिब्रेशनचं काम करतो. इथे लिहितोय ते माझ्या ओळखीच्या एका निवृत्त टूलमेकरच्या 1993 च्या लायटनिंगचं प्रकरण. गाडी त्यांची, मेहनतही बरीचशी त्यांचीच. माझ्याकडे होता लॅपटॉप आणि सल्ला देण्याची हौस.

तक्रार काय होती

इंजिन उघडलेलंच होतं, म्हणून त्यांनी कॅमशाफ्ट बदलला होता. नवा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा, इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच वेळी उघडे असण्याचा काळही मोठा. गाडी वरच्या आरपीएमला छान खेचायची, पण सिग्नलला उभी राहिली की हेलकावे खायची. मागून पेट्रोलचा उग्र वास यायचा आणि प्लग काजळीने काळे व्हायचे. आयडलला मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, व्हॅक्यूम पाऱ्याच्या मूळच्या अठरा-एकोणीस इंचांवरून तेरावर आला होता.

हा तेराचा आकडाच सगळं सांगतो. या गाडीची मूळ प्रणाली ‘स्पीड डेन्सिटी’. हवा किती आत गेली हे ती मोजतच नाही, हिशोबाने काढते. मॅनिफोल्डमधला दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि इंजिनाचा वेग या तीन गोष्टी घ्यायच्या. या वेगाला, या दाबाला हे इंजिन किती हवा भरून घेतं याचं कारखान्यात भरलेलं कोष्टक पाहायचं. त्यावरून पेट्रोल ठरवायचं. इंजिन कारखान्यातून निघालं तसंच राहिलं तर ही पद्धत उत्तम चालते, स्वस्त पडते आणि हवेच्या वाटेत कसलाही अडथळा ठेवत नाही. आपल्याकडच्या मारुतीच्या पेट्रोल गाड्या याच जातीच्या सेन्सरवर लाखो किलोमीटर चालल्या आहेत, तेव्हा तिला मागासलेली म्हणण्यात अर्थ नाही.

पण कॅम बदलला की कोष्टक खोटं पडतं. व्हॅक्यूम कमी म्हणजे दाब जास्त, आणि संगणकाला दाब जास्त दिसला की त्याला वाटतं इंजिनावर भार आला. तो पेट्रोल वाढवतो. प्रत्यक्षात तो दाब वाढलेला असतो सिलिंडरमधून परत आलेल्या जळक्या वायूमुळे, ताज्या हवेमुळे नव्हे. पूर्ण थ्रॉटलला चित्र उलटं होतं. तिथे इंजिन कोष्टकापेक्षा जास्त हवा घेतं आणि संगणक जुन्याच हिशोबाने कमी पेट्रोल देतो. म्हणजे उभी असताना गाडी अति खाते आणि ताकद हवी तिथे उपाशी राहते.

दोन रस्ते होते. एक, स्पीड डेन्सिटी तशीच ठेवून कोष्टक नव्याने भरायचं. तांत्रिकदृष्ट्या यात काहीच वावगं नाही, आणि एवढ्या एकाच बदलासाठी मी तोच सुचवला होता. पण पुढे हेड आणि एक्झॉस्ट बदलायचेच, असं मालकांनी ठरवलेलं होतं. दर बदलाला कोष्टक पुन्हा भरत बसायची त्यांची तयारी नव्हती. दुसरा रस्ता मास एअरचा: हवेच्या वाटेत तापलेली तार असलेलं मीटर बसवायचं. हवा तार थंड करते आणि तिचं तापमान टिकवायला किती वीज लागली त्यावरून हवेचं वजन कळतं. इंजिन आतून कसं आहे याच्याशी मीटरला देणंघेणं नसतं.

संगणक कुठला, हा खरा पेच

फोर्डने मस्टँग 5.0 ला मास एअर 1988 मध्ये कॅलिफोर्नियासाठी आणि 1989 पासून सगळीकडे दिलं. त्या मस्टँगचा ए9एल हा संगणक या जगात फार लोकप्रिय आहे, आणि जुन्या पिकअपला मास एअर करताना बहुतेकांचा हात आधी तिकडेच जातो. साध्या गिअरच्या पिकअपला तो चालूनही जातो. लायटनिंगला नाही. तिचा ई4ओडी हा चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पूर्णपणे इंजिनाच्या संगणकावर चालतो. गिअर कधी बदलायचा, टॉर्क कन्व्हर्टर कधी लॉक करायचा, आतल्या तेलाचा दाब किती ठेवायचा, सगळं तोच सांगतो. ए9एलला यातलं काहीच येत नाही, कारण तो हाताने गिअर टाकायच्या मस्टँगचा. तो बसवला तर इंजिन सुरेख चालेल आणि गाडी जागची हलेल की नाही याची खात्री नसेल.

म्हणून 1995 च्या कॅलिफोर्नियातल्या 5.8 लिटर पिकअपचा संगणक शोधला. त्याला मास एअरही कळतं आणि ई4ओडीही. इंजिन त्याच घराण्यातलं असल्यामुळे फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रमही तोच, 1-3-7-2-6-5-4-8. भंगार बाजारात संगणक आणि त्याच्याबरोबरचा वायरिंगचा गुच्छ (हार्नेस) मिळाला. एक बारीक गोष्ट मात्र बघून घ्यावी लागते. फोर्डचं इग्निशन मॉड्यूल राखाडी आणि काळं अशा दोन रंगांत येतं आणि दोघांची कॉइल भरण्याची पद्धत वेगळी आहे. संगणक ज्या पद्धतीचा, मॉड्यूल त्याच पद्धतीचं हवं.

पाकळी

जुन्या पिकअपमध्ये इंजेक्टर चार-चारच्या दोन गटांत उडतात. मास एअरचा संगणक आठही इंजेक्टर वेगवेगळे, सिलिंडरच्या क्रमाने उडवतो. म्हणजे दोन तारांच्या जागी आठ तारा, आणि त्यासाठी वरचा इनटेक काढून खालचा हार्नेस नव्याने गुंफणं. कंटाळवाणं काम आहे, पण अवघड नाही.

अवघड गोष्ट प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली असते, आणि बहुतेक जण तिथे बघतच नाहीत. आतल्या सेन्सरसमोरून आठ पाकळ्यांचं एक धातूचं चक्र फिरतं. गटाने उडवणाऱ्या गाडीत आठही पाकळ्या सारख्या रुंदीच्या. क्रमाने उडवणाऱ्या गाडीत एक पाकळी मुद्दाम अरुंद ठेवलेली असते. ती समोर आली की संगणकाला कळतं, पहिला सिलिंडर आला. सारख्या पाकळ्यांचं चक्र तसंच ठेवलं तर इंजिन सुरू होतं, चालतंही, पण कुठल्या सिलिंडरला कधी पेट्रोल द्यायचं हे संगणक अंदाजाने ठरवतो. एका सकाळी गाडी झकास, दुसऱ्या सकाळी खोकते, आणि कारण सापडत नाही.

मस्टँगचा डिस्ट्रिब्युटर आणून बसवावा म्हटलं तर तो बसत नाही. 351 च्या ब्लॉकची उंची जास्त, आणि ऑइल पंप फिरवणारी षटकोनी सळई मस्टँगच्या 302 घनइंची इंजिनाला पाव इंचाची असते, 351 ला पाच सोळांश इंचाची. इथे 1995 च्या मास एअरवाल्या 5.8 चाच डिस्ट्रिब्युटर मिळाला. बसवताना एक सवय मोडावी लागते. जुन्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर एखादा दात इकडेतिकडे पडला तर प्लगच्या वायरी सरकवून भागायचं. आता तसं केलं तर ठिणगी जागेवर येते, पण अरुंद पाकळी चुकीच्या सिलिंडरला पहिला म्हणते. रोटर पहिल्या सिलिंडरकडेच हवा. मग स्पाउटचा, म्हणजे संगणकाचा ठिणगीचा सिग्नल नेणारा, छोटा कनेक्टर काढून टायमिंग 10 अंशांवर लावायचं आणि कनेक्टर परत खोचायचा.

मीटरच्या तारा त्यामानाने सोप्या. चार तारा: वीज, जमीन (अर्थ), सिग्नल आणि सिग्नलची परतीची तार. संगणकाच्या 60 पिनांच्या कनेक्टरमध्ये सिग्नल 50 वर आणि परतीची 9 वर. परतीची तार जवळच्या जमिनीला जोडून मोकळं व्हायचा मोह होतो. तो टाळावा, कारण एरवी स्टार्टर आणि पंख्याचा सगळा गोंधळ हवेच्या आकड्यात मिसळतो.

मीटर: इथे वाद झाला

आता मूळ मुद्द्याकडे. मालकांनी 30 पाउंडांचे, म्हणजे तासाला साधारण साडेतेरा किलो पेट्रोल देणारे इंजेक्टर आधीच घेऊन ठेवले होते. त्यांचं उद्दिष्ट सुमारे 300 हॉर्सपॉवरचं. त्यासाठी 24 पाउंडांचे पुरले असते: आठ इंजेक्टर, 85 टक्के वेळ उघडे, दर हॉर्सपॉवरला तासाला अर्धा पाउंड पेट्रोल धरलं तर 326 हॉर्सपॉवर होतात. पण घेतले ते घेतले. त्यांच्याबरोबर ‘30 पाउंडांसाठी कॅलिब्रेट केलेलं’ एक जुनं मीटरही घेतलं होतं. त्यांना ते बसवून मोकळं व्हायचं होतं. लॅपटॉपची गरज नाही, हाच त्या मीटरच्या विक्रीचा मुद्दा असतो.

आपल्याकडे ऊसपट्ट्यात ‘काटा मारणे’ म्हणतात ना, हे मीटर नेमकं तेच करतं. अशी मीटरं मस्टँगच्या 19 पाउंडांच्या इंजेक्टरचा हिशोब धरून बनवलेली असतात. इंजेक्टर 30 चे बसवलेत आणि संगणकाला वाटतंय 19 चेच आहेत. तर मग मीटरनेच हवा कमी सांगायची, 19 भागिले 30, म्हणजे खऱ्या हवेच्या 63 टक्के. संगणक कमी हवेसाठी इंजेक्टर कमी वेळ उघडतो, इंजेक्टर मोठा असल्यामुळे पेट्रोल बरोबर तेवढंच पडतं, आणि मिश्रण जमतं. ऑक्सिजन सेन्सर खूश, मालक खूश.

पण हवेचा तो आकडा फक्त पेट्रोलसाठी वापरला जात नाही, आणि गोम इथेच आहे. त्याच आकड्यावरून संगणक इंजिनावरचा भार काढतो आणि भारावरून ठिणगीची वेळ ठरवतो. खरा भार 100 असताना त्याला 63 दिसला की तो हलक्या भाराचं, म्हणजे जास्त आगाऊ टायमिंग लावतो. सपाट रस्त्यावर कळत नाही. चढावर, मागे ट्रेलर असताना, अर्ध्या-पाऊण थ्रॉटलवर इंजिन ठोकायला लागतं. मस्टँगवाले हे वर्षानुवर्षं सोसत आले, टायमिंग हाताने मागे घेत आले.

पिकअपमध्ये याच्याही पुढची गोष्ट आहे. ई4ओडीच्या आतल्या तेलाचा दाब ठरवताना संगणक इंजिनाचा हिशोबातला टॉर्क धरतो, आणि तो टॉर्क येतो पुन्हा त्याच हवेच्या आकड्यावरून. टॉर्क कमी दिसला की दाब कमी, दाब कमी की क्लचची पकड ढिली. गिअर मऊ, लोण्यासारखे पडायला लागतात. गाडी सुधारली असं मालकाला वाटतं. प्रत्यक्षात दर बदलाला क्लच घसरत असतात आणि एक दिवस तेल जळकं निघतं. इंजेक्शनच्या कामाने गिअरबॉक्स गेला, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मालक टूलमेकर. मोजमापाची चूक एका जागी लपवली की दुसरीकडे निघते, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. मीटर खोक्यात परत गेलं.

त्याऐवजी खरं वजन सांगणारं मीटर हवं होतं. किती मोठं? 5.77 लिटरचं इंजिन, 4800 आरपीएम, भरणा 85 टक्के धरला तर मिनिटाला पावणेबारा घनमीटर हवा, वजनाने तासाला सुमारे 830 किलो. दुसऱ्या बाजूने तपासलं: 300 हॉर्सपॉवरला तासाला 150 पाउंड पेट्रोल, त्याच्या साडेबारा पट हवा, म्हणजे तासाला 850 किलो. दोन्ही आकडे एकमेकांजवळ आले की बरं वाटतं. मस्टँगचं मूळ 55 मिलिमीटरचं मीटर इथे अपुरं. आम्ही पुढच्या पिढीच्या, 1999 नंतरच्या सुपरचार्ज्ड लायटनिंगचं 90 मिलिमीटरचं मीटर घेतलं. त्याचा व्होल्टेज आणि हवेचा आलेख कारखान्याचा, त्यामुळे भरवशाचा. तोटा एकच: एवढं मोठं तोंड असल्यामुळे आयडलच्या थोड्या हवेला मीटर जरा आळशी वाचतं.

मग संगणकाच्या पाठीमागचा सर्व्हिस पोर्ट उघडला, त्याच्या पट्ट्यांवरचा संरक्षक थर पुसून काढला आणि ट्यूनिंगचं बोर्ड खोचलं. पट्ट्या नीट साफ झाल्या नाहीत तर बोर्ड अधूनमधून संपर्क सोडतं आणि गाडी रस्त्यात बंद पडते, म्हणून इथे घाई नको. बॅटरी काढलेली असणं तर धरलेलंच आहे. संगणकाला दोन खऱ्या गोष्टी सांगितल्या: इंजेक्टर 30 पाउंडांचे आहेत, आणि मीटरचा आलेख असा आहे. बाकीची कोष्टकं सुरुवातीला जशीच्या तशी ठेवली.

सुरू झाल्यावर

पहिल्याच चावीला इंजिन लागलं आणि थंड असताना लगेच बंद पडलं. थ्रॉटल देऊन गरम केलं तर चाललं, पण आयडल वर-खाली होत राहिलं. स्कॅनवर दिसत होतं की ऑक्सिजन सेन्सरच्या भरवशावर संगणक सतत पेट्रोल वाढवतोय. म्हणजे न मोजलेली हवा कुठून तरी आत येतेय. या पिकअपच्या थ्रॉटलला दोन तोंडं आणि दोन रबरी नळ्या असतात. मीटर हवेच्या डब्यालाच लावून पुढे नळ्या दुभंगतात, त्यामुळे आधी तिथले सांधे तपासले. सगळे घट्ट होते.

दोषी निघालं ऑइल भरायच्या तोंडावरचं चकचकीत झाकण. त्यात छोटा फिल्टर बसवलेला, बाहेरच्या हवेला उघडा. क्रँककेसमधले वायू ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह त्या झाकणातून हवा खेचत होता, आणि ती हवा मीटरला न भेटताच मॅनिफोल्डमध्ये जात होती. स्पीड डेन्सिटीत याने काही बिघडत नाही, कारण तिथे शेवटचा दाबच बघितला जातो. मास एअरमध्ये ही सरळ चोरी आहे. झाकणावर तळहात दाबून धरला आणि आयडल तिथल्या तिथे बसलं. मूळचं बंद झाकण आणि मीटर व थ्रॉटल यांच्यामधल्या नळीला जाणारी होज परत लावली. थंड असताना बंद पडणंही त्याबरोबर थांबलं.

दुसरी भानगड जास्त मजेशीर. थोडं चालवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला. कोड दोन: 137, म्हणजे डावा ऑक्सिजन सेन्सर सतत जास्त पेट्रोल दाखवतोय, आणि 172, म्हणजे उजवा सतत कमी. जुन्या प्रणालीत एकच सेन्सर होता, दुसरा आम्ही नव्याने बसवला होता, म्हणून संशय त्याच्यावरच. पण प्लग काढले तर उजव्या बाजूचे काळेकुट्ट आणि डाव्या बाजूचे पांढरे. कोड म्हणतात डावीकडे पेट्रोल जास्त, प्लग म्हणतात उजवीकडे. दोघं ठामपणे एकमेकांविरुद्ध साक्ष देतायत म्हटल्यावर उत्तर एकच उरतं: सेन्सरच्या तारा अदलाबदल झाल्या आहेत.

अशा वेळी चूक स्वतःहून वाढत जाते. उजवी बाजू जराशी श्रीमंत झाली, म्हणजे तिथे पेट्रोल जास्त झालं, की संगणकाला वाटतं डावी झाली. तो डाव्या बाजूचं पेट्रोल कमी करतो. डावी उपाशी पडते, पण तिचा सेन्सर उजवीच्या नावावर लागलेला, म्हणून तो उजवीचं पेट्रोल आणखी वाढवतो. दोन्ही बाजू आपापल्या टोकाला जाऊन थांबतात. भंगारातून आलेल्या हार्नेसवर ‘डावा’, ‘उजवा’ अशा चिकटपट्ट्या होत्या. त्या लावणारा बहुधा बॉनेटसमोर उभा होता. गाडीत डावं-उजवं चालकाच्या सीटवरून धरतात. कनेक्टर बदलले, संगणकाची शिकलेली आठवण पुसली, कोड परत आले नाहीत.

आता कुठे आहे

गरम आयडल स्थिर आहे. कॅमची घरघर ऐकू येते आणि ती मालकांना हवीच होती. पेट्रोलचा वास गेला. पूर्ण थ्रॉटलला वाइडबँड मीटरवर हवा-पेट्रोलचं प्रमाण साडेबारा ते पावणेतेराच्या दरम्यान राहतं. ई4ओडी गिअर घट्ट टाकतो, किंचित धक्क्याने, आणि ते तसंच ठेवलं आहे. डायनोवर नेऊन ताकद मोजायची मालकांची इच्छा नव्हती. माझ्या मते या बदलाने ताकद फारशी वाढलेलीही नाही. नव्या कॅमने जी ताकद आणली होती ती आता बिनतक्रार मिळते, एवढंच. मास एअर लावलं की 20 हॉर्सपॉवर फुकट, असं सांगणाऱ्याकडून सुटे भाग घेऊ नयेत.

मिशिगनमध्ये गाड्यांची वार्षिक धूर-तपासणी नाही, तरी धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ईजीआर (जळके वायू थोडे परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) दोन्ही जागेवर ठेवले. संघराज्याचा कायदा ते काढू देत नाही, आणि मालकांच्या गॅरेजला लागूनच स्वयंपाकघर आहे. महाराष्ट्रातून कुणी असा प्रयोग करायचं मनात आणत असेल तर आधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचावं. महाराष्ट्रातल्या वाचकाला जास्त कामाची गोष्ट वेगळीच आहे. आपल्या डिझेल एसयूव्हींमध्येही असंच हवेचं मीटर असतं, आणि तेल लावलेला शोभेचा कोन फिल्टर बसवला की त्यातलं तेल मीटरच्या संवेदनशील भागावर बसून ते चुकीचं वाचायला लागतं. लायटनिंगला म्हणूनच कोरडा कागदी फिल्टर आहे.

मूळचा संगणक, हार्नेस आणि डिस्ट्रिब्युटर एका पेटीत नावं लिहून ठेवलेत. या गाड्या संग्राहकांच्या हाती जायला लागल्या आहेत आणि मूळ भागांना विक्रीच्या वेळी भाव येतो. एक काम उरलंय: एसी चालू असताना गाडी सिग्नलला येऊन थांबते तेव्हा आरपीएम एकदा खाली बुडी मारून वर येतो. 90 मिलिमीटरच्या मीटरचे आयडलजवळचे बिंदू आणि थ्रॉटल सोडतानाचं हवेचं कोष्टक यांच्यात ते दडलंय. उन्हाळा आला की एसी लावून ते बघायचं आहे.